रंग देण्याआधी भिंतीवरचे डाग पाहा

पावसाळा सरून भिंतींतील ओल वाळू लागली, की घरोघरी दिवाळीपूर्वीच्या रंगकामाचे बेत सुरू होतात. रंगकामाच्या निमित्ताने फरशी निघते, फरशीच्या निमित्ताने न्हाणीघर निघते आणि आठ दिवसांचे काम दोन महिन्यांवर जाते. ज्या घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील वा सासूसासरे आहेत, तेथील मंडळी दवाखान्यात आली की हल्ली आवर्जून विचारतात, ‘‘डॉक्टर, घराचे काम काढतो आहोत, आईंसाठी काय करून घ्यावे?’’ प्रश्न विचारला जातो याचा आनंदच आहे. मात्र तोवर दिवाणखान्याच्या टाइल्स, छताची सजावट आणि ओट्याचा ग्रॅनाइट हे सारे ठरून गेलेले असते व उरलेल्या पैशांत न्हाणीघरात एखादी दांडी बसवायची, एवढेच शिल्लक असते. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. घरात वृद्ध माणूस असेल, तर कामाचा आराखडा त्याच्या पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेपासून सुरू करावा. दिवाणखाना शेवटी आला तरी चालतो.

हे म्हणण्यामागे वैद्यकीय कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वांत मोठे असते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाचे ऑपरेशन उत्तम झाले, तरी पूर्वीसारखे हिंडणे-फिरणे अनेकांना पुन्हा साधत नाही. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया, पायांतील रक्ताच्या गुठळ्या आणि पाठीच्या जखमा मागे लागतात. आणि पडण्याचे ठिकाण बहुधा रस्ता नसून घरच असते.

आता भिंतीवरच्या डागांविषयी. जुन्या घरात रंग देण्यापूर्वी एकदा भिंती बारकाईने पाहाव्यात. पलंगाच्या उशाशी, दाराच्या चौकटीवर, बोळाच्या वळणावर, न्हाणीघराच्या दाराशेजारी साधारण कमरेच्या वा छातीच्या उंचीवर हाताचे तेलकट, काळसर डाग दिसतात. घरातील माणूस रोज कोठे आधार शोधतो, याची ती नोंद असते. रंगारी येतो, लांबी भरतो, दोन हात देतो आणि ती नोंद पुसली जाते. म्हणून त्या प्रत्येक ठिकाणी आधी खडूने खूण करावी, जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवावी आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. आधाराच्या दांड्या कोठे हव्यात, याचे उत्तर तेथेच मिळते.

याच्या जोडीला एक साधी चाचणी करावी. रात्री नेहमीचे दिवे नेहमीप्रमाणे बंद असताना आजोबांना वा आजींना पलंगावरून उठून शौचालयापर्यंत जाऊन येण्यास सांगावे. आपण दोन पावले मागे राहावे आणि त्यांचा हात कोठे जातो हे पाहावे. बहुतेक वेळा तो टॉवेलच्या दांडीकडे, नळाकडे किंवा बेसिनच्या कडेकडे जातो. यांपैकी एकही वस्तू माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेली नसते. उठताना त्यांना पलंगाच्या कडेला क्षणभर थांबावे लागते का, भोवळल्यासारखे होते का, हेही पाहावे. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांमुळे उभे राहताच रक्तदाब उतरतो. तसे आढळल्यास गवंड्याच्या आधी डॉक्टरांना भेटावे, पण गोळ्या स्वतःच बंद करू नयेत.

दांडी गंजरोधक पोलादाची, मुठीत नीट मावेल अशी, म्हणजे साधारण ३२ ते ४० मिलिमीटर जाडीची असावी. ती आणि भिंत यांत बोटे शिरतील एवढेच अंतर असावे. फार अंतर ठेवल्यास तोल जाताना कोपरापर्यंत हात त्यात अडकू शकतो. काचेवर चिकटवण्याच्या रबरी वाटीसारखी हवेच्या दाबावर बसणारी दांडी स्वस्त मिळते. तिच्यावर जीव टाकू नये. विटांच्या वा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर घट्ट बसतात, परंतु नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात व तेथे वेगळे फास्टनर लागतात. भिंत कशाची आहे हे कंत्राटदाराला आधीच विचारावे. टाइल्स लावण्यापूर्वी भिंतीत गाडलेल्या पाइपांचे टेप धरून छायाचित्र काढावे, म्हणजे पुढे भोक पाडताना पाइप फुटत नाही. दांडी बसल्यावर घरातील सर्वांत वजनदार तरुणाने तिला लोंबकळून पाहावे. ती हलली तर काम अपुरे आहे असे समजून पुन्हा करून घ्यावे.

न्हाणीघराच्या दारावर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपल्याकडे ते दार बहुधा आत उघडते. आत कोणी पडले, तर त्याच्याच शरीराने दार अडते आणि बाहेरचे लोक ढकलत राहतात. काम निघालेच असेल तर दार बाहेर उघडणारे किंवा सरकते करावे आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी घ्यावी. बाहेर जागा नसल्यास निदान बिजागऱ्या बाहेरून निघतील अशी सोय ठेवावी. चौकट रुंद करणे शक्य असेल तर ९० सेंटिमीटर मोकळी जागा मिळावी. व्हीलचेअर आज लागत नसली तरी वॉकर तरी सहज जातो. मदतीसाठी घंटेचे बटण बसवताना दोरी जमिनीजवळ येईल अशी लावावी. पडलेल्या माणसाचा हात पाच फुटांवरच्या बटणापर्यंत पोहोचत नाही.

फरशीबाबत चकाकीचा मोह आवरावा. चकचकीत विट्रिफाइड टाइल कोरडी असताना सुरेख दिसते आणि ओली झाली की काचेसारखी होते. जुन्या मोरीतील खरबरीत शहाबादी फरशी या बाबतीत अधिक शहाणी होती. दुकानात टाइल हातात आली की तिच्यावर पाणी ओतून, त्यात थोडा साबण मिसळून, ओला अंगठा फिरवून पाहावा. न्हाणीघराच्या टाइल्स जमिनीवर एका रंगाच्या व भिंतीवर ठळक वेगळ्या रंगाच्या असाव्यात. कमोडही पांढरा, भिंतही पांढरी आणि फरशीही पांढरी असेल तर मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला बसायचे कोठे हे कळत नाही. काळ्या टाइल्सची नक्षी टाळावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तो जमिनीतला खड्डा वाटू शकतो आणि तो ओलांडण्याच्या प्रयत्नात तोल जातो. न्हाणीघराचा उंबरा काढता आल्यास उत्तम. तो राहणारच असेल तर त्याच्या कडेवर गडद पट्टी असावी.

कमोडची उंची हा पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर गुडघ्यावरून ठरवण्याचा विषय आहे. भिंतीला टांगलेला कमोड हल्ली उंच बसवण्याची पद्धत आहे. पाच फुटांहून ठेंगण्या आजींचे पाय त्यावर लोंबकळतात आणि त्या पोटावर जोरही देऊ शकत नाहीत. त्यांना खुर्चीवर बसवावे. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकून गुडघे काटकोनात येतात, ती उंची मोजून गवंड्याला द्यावी. गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले असेल तर हे काम ऑपरेशनपूर्वी उरकावे. ज्यांना आजही उकिडवे बसून विनासायास उठता येते, त्यांची भारतीय बैठक केवळ फॅशनपायी उखडू नये.

आंघोळीची आपली रीत बादली-तांब्याची. पाटावर बसून वाकून पाणी घेणे आणि मग उठणे हीच खरी कसरत असते. भिंतीला लागून गुडघ्याइतक्या उंचीचा, कडा गोलाई दिलेला ओटा बांधावा किंवा रबरी पायांचे भक्कम स्टूल घ्यावे, आणि बादलीसाठीही बुटका ओटा करावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांना कढत पाणी कळत नाही व भाजल्यावरच लक्षात येते. म्हणून विजेच्या गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवावा. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत कदापि नसावा. नूतनीकरणात जुनी झरोक्याची खिडकी बुजवून बंद काच बसवली जाते, आणि त्या बंद जागेत गॅस जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होतो, क्वचित परतही येत नाही. गीझर बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. एक्झॉस्ट पंखा हा त्याला पर्याय नव्हे.

वायरमन घरात असतानाच पलंगापाशी हात पोहोचेल असा दुहेरी स्विच, वाटेवर पायांच्या उंचीला मंद पिवळसर दिवे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही तीन कामे करून घ्यावीत. साठीतल्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्यांच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. मुलाला पुरेसा वाटणारा उजेड वडिलांना पुरत नाही तो यामुळेच.

प्रत्यक्ष कामाच्या काळाची धास्ती मला अधिक वाटते. वायरी पसरलेल्या, सामान हललेले, फरशी ओली आणि हवेत धूळ. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी या दिवसांत शक्यतो दुसरीकडे राहावे. टाइल्स कापताना पाणी सोडून कापाव्यात, म्हणजे वाळूची सूक्ष्म धूळ उडत नाही. फार जुना रंग कोरडा घासून काढू नये. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यापूर्वीच्या थरांत ते किती असेल याचा भरवसा नाही. ओले करून घासावे व त्या वेळी नातवंडांनाही तेथून दूर ठेवावे. परक्या घरात गेल्यावर काही वृद्ध रात्री गोंधळतात. त्यांची उशी, घड्याळ आणि देवाची तसबीर सोबत न्यावी. गोळ्यांचा डबा, इन्हेलर, कवळी, चष्मा, श्रवणयंत्र, काठी आणि तपासण्यांची फाइल एका वेगळ्या पिशवीत ठेवून ती घरच्याच एकाच्या हाती द्यावी. पेटारे उघडेपर्यंत रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकते, असे नेहमी घडते.

‘‘माझ्यासाठी कशाला एवढा खर्च?’’ असे आजी म्हणणारच. दांड्यांमुळे घराला इस्पितळाची कळा येते, अशीही तक्रार असते. यावर वाद घालू नये. दांडीचा रंग, दिव्याची जागा, ओट्याची उंची त्यांनाच ठरवू द्यावी. गरोदर सुनेला आणि पाय मुरगळलेल्या नातवालाही तीच दांडी लागणार आहे, हे सहज बोलण्यात येऊ द्यावे. पैसा कमी असेल तर आधी दिवे, दांड्या आणि सैल पायपुसण्यांची रवानगी, मग फरशी. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल तर कमोडभोवती ठेवण्याची पायांची चौकट मिळते, ती घ्यावी.

काम संपले, सामान जागेवर लागले, की पहिल्याच रात्री पुन्हा त्यांच्या मागून शौचालयापर्यंत चालावे. नवी फरशी कधी कधी सिमेंटच्या पातळ थरामुळे निसरडी असते; ती दोनतीनदा धुऊन घ्यावी. आठवड्यानंतर पुन्हा पाहावे की हात आता दांडीकडे जातो की सवयीने अजून नळाकडेच. नळाकडे जात असेल तर दांडी चुकीच्या जागी बसली आहे. दर सहा महिन्यांनी प्रत्येक दांडीचे स्क्रू तपासावेत, आणि एखादी जरा जरी हलली तरी त्याच दिवशी गवंड्याला फोन करावा.