रंगाखालचे लोखंड

बैल विकत घेताना आपल्याकडे त्याचे दात पाहतात, खूर उचलून पाहतात आणि चार पावले चालवूनही पाहतात. सीमाभागातील अडाणी म्हणवणारा शेतकरीसुद्धा यात चुकत नाही. यंत्राच्या खरेदीला निघताना मात्र हे शहाणपण आपण घरीच ठेवून जातो.

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे छोटे वर्कशॉप आहे. वेंगुर्ल्याला मासेमारीच्या होडीचे दोन सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन विकाऊ असल्याचे त्याला कळले. ते आणून, नव्याने बांधून विकायचे असा त्याचा बेत होता. भांडवल म्हणजे बायकोच्या पाटल्या! "सर, तुम्ही बरोबर चला," असा त्याने आग्रह धरला. त्याच्या वर्कशॉपमधील वयोवृद्ध मिस्त्रींना घेऊन आम्ही आंबोलीचा घाट उतरलो.

इंजिनाला ताजा हिरवा रंग दिलेला होता. दांडा फिरवताच ते सुरू झाले. विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. मिस्त्रींनी मात्र ते बंद करायला लावून हेडवर तळहात टेकवला. दोन मिनिटे चाललेल्या इंजिनाला इतकी ऊब येत नाही. आम्ही येण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेले होते. "थोडे थांबू," एवढेच ते म्हणाले.

या थांबण्यात मर्म आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच तेल पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत हे तत्त्व यशस्वी करून दाखवले. रिंगा, लायनर झिजले किंवा व्हॉल्व्ह गळू लागले, की हा दाब कमी होतो. तापलेले इंजिन हा दोष झाकते. थंड इंजिन तो उघड करते.

तीन तासांनी मिस्त्रींनी इंजिन सावकाश हाताने फिरवले. एका सिलिंडरने जोराचा अडथळा केला, दुसऱ्याने जेमतेम. पुन्हा सुरू करताना दोघांचे दंड भरून आले, आणि धुराडीतून निघू लागलेला पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना. धूर ही इंजिनाची भाषा आहे. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे वंगणाचे ऑइल जळते आहे. थंडपणी थोडा पांढरा चालतो, पण तो टिकून राहिला तर पाण्याचा संशय घ्यावा. आतले ऑइल नवे, स्वच्छ होते; झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र दह्यासारखा थर सापडला. ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची ती खूण.

शेतावरच्या इंजिनापेक्षा होडीचे इंजिन इथे वेगळे ठरते. ज्या इंजिनात समुद्राचेच पाणी खेळवून ते थंड करतात, त्याच्या ब्लॉकचे लोखंड खारे पाणी आतून खाते. म्हणून अशा इंजिनात जस्ताची कांडी बसवतात; लोखंडाऐवजी ती झिजते. इथली कांडी केव्हाच संपून गेली होती. पाण्याच्या वाटेवरचे झाकण काढताच गंजाच्या खपल्या हाती आल्या.

रिंगा, लायनर, बेअरिंगे नवी मिळतात. क्रँक घासून त्यावर जाड बेअरिंग बसवता येते. पण घासण्यालाही मर्यादा असते, म्हणून तो पूर्वी किती घासला आहे हे मोजून पाहावे. दोष केवळ गास्केटचा असता तर थोडक्यात भागले असते. ब्लॉकच खाल्ला गेला असेल तर सारा खर्च पाण्यात! हे ठरवायला हेड उघडणे भाग होते. त्याची मजुरी आणि नवे गास्केट आम्ही देऊ, असे मिस्त्री म्हणाले. मालक रागावले. "माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे, मालक. लोखंडावर नाही," मिस्त्रींनी शांतपणे उत्तर दिले. हेड उघडू दिले गेले नाही. आम्ही उठलो.

शंका घेणे हा विकणाऱ्याचा अपमान नव्हे. याच बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या धास्तीने शेतकरी तो घेईनात. लक्ष्मणराव त्यांच्यावर रुसून बसले नाहीत. नांगर जमिनीत उतरला, कसाला लागला, आणि मग घरोघर गेला. १९१० साली त्यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ज्याचा माल खरा, त्याला परीक्षेचे भय नसते.

घाट चढताना विद्यार्थी गप्प होता. इंजिनाची किंमत, वाहतूक, लेथचे काम आणि सुटे भाग यांची बेरीज त्याने आदल्या रात्री वहीत मांडली होती; ब्लॉक वाया जाण्याचा रकाना तेवढा तीत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "सर, दिवस फुकट गेला. रिकाम्या हातांनी परत चाललोय."

पुढच्या बाकावरून मिस्त्री मागे वळले. "तू रिकाम्या हातांनी चालला आहेस, म्हणून घरी सूनबाईचे हात भरलेले राहतील."