‘आग लागली’ ते ‘आग लावली’ : रहस्यपटातील कर्त्याचा शोध

‘आग लागली’ या वाक्यात ‘लागणे’ हे क्रियापद अकर्मक असून ‘आग’ हाच व्याकरणिक कर्ता आहे; घटनेमागे माणूस असल्याचे वाक्य सांगत नाही. ‘आग लावली’ म्हणताच आग कर्म ठरते आणि ‘कोणी?’ हा प्रश्न अटळ होतो. ‘आग लावली गेली’ या तिसऱ्या रचनेत कर्ता गृहीत असतो, पण अनुक्त राहतो. जाळपोळीवरील रहस्यपट या तीन रचनांच्या आधारे कसा उलगडतो, ते पाहू.

रॉन हॉवर्ड दिग्दर्शित ‘बॅकड्राफ्ट’ (१९९१) हा चित्रपट शिकागोच्या अग्निशमन दलावर आहे. पटकथाकार ग्रेगरी वायडन यांनी स्वतः पूर्वी अग्निशमन दलात काम केले होते. शीर्षकाचा अर्थ असा : बंद खोलीतील प्राणवायू संपत आला की आग धुमसत राहते व तापलेले ज्वलनशील वायू साचतात. दार उघडताच हवा आत शिरते आणि भडका उडतो.

चित्रपटात अशा भडक्यांत माणसे मरतात. प्रथमदर्शनी आग ‘लागलेली’ असते. तपास अधिकारी रिमगेल मात्र अवशेषांवरून ताडतात की, ती ‘लावली गेली’, तीही आगीचा स्वभाव जाणणाऱ्याकडून. त्यामुळे संशय दलातच शिरतो. तरुण जवान ब्रायनला प्रथम थोरला भाऊ स्टीफन याचाच संशय येतो. प्रत्यक्षात कर्ता निघतो तो त्यांचा ज्येष्ठ सहकारी अॅडकॉक्स. अग्निशमन केंद्रे बंद करण्याच्या कटात नगरसेवकाला साथ देणाऱ्यांचा त्याने सूड घेतलेला असतो. त्या कपातीने जवानांचे बळी जातात, अशी त्याची धारणा असते.

शेवट विशेष लक्षात घ्या. मरणासन्न स्टीफन ब्रायनला विनवतो, की अॅडकॉक्सचे नाव बाहेर येऊ देऊ नकोस. दलाची अब्रू जाईल. म्हणजे महत्प्रयासाने सापडलेला कर्ता वाक्यातून पुन्हा वगळायचा. प्रेक्षकाला तो ठाऊक असतो, नगराला नसावा अशी इच्छा असते. कर्ता सांगणे हा दोषारोप आहे आणि न सांगणे हाही एक निर्णयच आहे. प्रयोगाची निवड येथे नैतिक प्रश्न बनते.

स्वाध्याय : आगीसंबंधीच्या तीन बातम्या मिळवा. प्रत्येकीत ‘लागली’, ‘लावली गेली’ की ‘लावली’ अशी रचना आहे, ते नोंदवा. त्या रचनेला पुरेल इतका पुरावा बातमीत आहे काय, याची चर्चा करा.