निकाल आधीच ठरवायचा असेल तर?

कोर्टातल्या गोष्टी आवडत असतील तर जॉन ग्रिशमची 'द रनअवे ज्युरी' (१९९६) नक्की वाचा.

मिसिसिपीतलं बिलॉक्सी शहर. नवरा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेलेली बाई सिगारेट कंपनीवर दावा लावते. निकाल देणार १२ सामान्य नागरिक, म्हणजेच ज्युरी. तंबाखू कंपन्यांनी पोसलेला रँकिन फिच त्या प्रत्येकामागे माणसं लावतो: कोणावर कर्ज आहे, कोणाचं गुपित काय, कोणाला कुठे दाबता येईल. पण ज्युरीतच बसलेला निकोलस ईस्टर बाकीच्यांना हळूहळू आपल्या बाजूला ओढतोय, आणि बाहेरून मार्ली नावाची तरुणी फिचशी निकालाचा सौदा करतेय! सगळ्यांचं जेवण उशिरा आलं एवढ्या निमित्तावरून निकोलस न्यायाधीशांनाही हलवतो. माणसांचा विश्वास कसा कमावला जातो हे तिथे कळतं. मला तो भाग सगळ्यात आवडतो.

ग्रिशमने स्वतः मिसिसिपीत वकिली केलीय. त्याच राज्याने १९९४ मध्ये तंबाखू कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं.

२००३ च्या सिनेमात सिगारेटऐवजी बंदुका आल्या, बिलॉक्सीऐवजी न्यू ऑर्लिन्स. जीन हॅकमन आणि डस्टिन हॉफमन स्वच्छतागृहात समोरासमोर येतात तो प्रसंग जबरदस्तच.

आपल्याकडेही ज्युरी होती. १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. 'ब्लिट्झ' साप्ताहिक तेव्हा उघडपणे नानावटींच्या बाजूने लिहीत होतं.

आधी पुस्तक वाचा, मगच सिनेमा बघा. आणि शेवट कमेंटमध्ये फोडू नका!