घरातील हवानलिका : डागडुजी करावी की बदलावी?

घर बांधताना किंवा विकत घेताना भिंती, छप्पर, दारे, खिडक्या आणि पाण्याचे नळ यांच्या खर्चाचा हिशेब प्रत्येक गृहस्थ करतो. पुढे एखादा नळ गळू लागला, तर थेंबांचा आवाज येतो, भिंतीला ओल दिसते आणि गळतीची वार्ता आपोआप घरभर होते. हवेच्या नळाचे मात्र तसे नाही. छताआड दडलेल्या नलिकेतून थंड हवा वर्षानुवर्षे गळत राहिली, तरी तिचा आवाज येत नाही. तिचा खर्च विजेच्या देयकात मिसळून जातो आणि वेगळा दिसत नाही. त्यामुळे नलिका जुनी झाली, ती बदलून टाका, असे कोणी सांगितले म्हणजे गृहस्थ गोंधळात पडतो. या प्रश्नाचे उत्तर कारागिराच्या अंदाजपत्रकात पूर्णपणे मिळत नाही; त्यासाठी थोडेसे पदार्थविज्ञान आणि थोडेसे अंकगणित यांची जोड द्यावी लागते.

हवानलिकेचे कार्य

एका ठिकाणी थंड केलेली हवा घरातील निरनिराळ्या खोल्यांत पोहोचविणारा बंदिस्त मार्ग म्हणजे हवानलिका. कारागीर तिला 'डक्ट' म्हणतात. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता ताब्यात ठेवण्याची योजना आखली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. आज मोठी रुग्णालये, नाट्यगृहे आणि कार्यालये यांत हवानलिकांचे जाळे असते. काही प्रशस्त घरांतही ते आढळते.

नलिका बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची असते. तिच्यावर उष्णतारोधक थर गुंडाळलेला असतो. तिचे दोन भाग पडतात. एका भागातून थंड हवा खोलीकडे जाते आणि दुसऱ्यातून खोलीतील हवा यंत्राकडे परत येते. पहिल्या भागात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक असतो, म्हणून तेथील फटीतून थंड हवा बाहेर पडते. परतीच्या भागात दाब कमी असतो, म्हणून तेथील फट छतावरची उष्ण व धुळीने भरलेली हवा आत ओढून घेते. पहिली गळती खिशाला जाणवते. दुसरी खिशाला जाणवतेच, शिवाय घरातील माणसांच्या श्वासातही उतरते.

येलहंका येथील परिस्थिती

बेंगळूरु शहर १५३७ मध्ये वसविणारे केंपेगौडा हे येलहंका येथील नाडप्रभू होते. हे जुने गाव २००७ मध्ये बेंगळूरुच्या महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि आज तेथे वसाहती व बहुमजली इमारती उभ्या आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या पठाराचे हवामान सौम्य आहे. एप्रिल हा वर्षातील सर्वांत उष्ण महिना. परंतु त्या महिन्याचे सरासरी कमाल तापमानही ३४ अंश सेल्सिअसच्या आसपासच असते आणि रात्री हवा बरीच निवते. २४ एप्रिल २०१६ रोजी बेंगळूरु येथे ३९.२ अंश तापमानाची नोंद झाली. परंतु असे दिवस विरळाच येतात. साहजिकच येथील बहुतेक घरांत थंड हवेच्या नलिका नसतात. ज्या थोड्या घरांत त्या आहेत, तेथे यंत्र वर्षातील मोजकेच दिवस चालते. पुढील हिशेबात ही गोष्ट निर्णायक ठरेल.

उंचीचा आणखी एक परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. या पठारावर हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे एक दशांश कमी असतो, म्हणून हवाही तितकीच विरळ असते. पंखा प्रत्येक मिनिटाला तेवढेच घनफळ ढकलीत असला, तरी त्या हवेबरोबर वाहून नेली जाणारी उष्णता सुमारे एक दशांशाने घटते. मुंबईसाठी आखलेली योजना जशीच्या तशी येलहंका येथे बसविली, तर ती थोडी अपुरी पडते. पंख्याचा वेग वाढवून ही उणीव भरून काढणे महाग असते. त्याच नलिकेतून दहा टक्के अधिक हवा ढकलण्यासाठी सुमारे तेहतीस टक्के अधिक शक्ती लागते, कारण पंख्याची शक्ती प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच जी हवा पंखा ढकलतो, ती वाटेत गळू न देणे हा स्वस्त उपाय होय.

गळतीचा हिशेब

वातानुकूलन यंत्राची क्षमता 'टन' या एककात सांगतात. सुमारे ९०७ किलोग्रॅम बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच काळात शोषून घेणारे यंत्र एक टनाचे. एका टनास साधारणतः ताशी ६८० घनमीटर हवा खेळवावी लागते. अर्थात तीन टनांच्या यंत्रातून दर तासाला सुमारे २,००० घनमीटर हवा वाहते.

घरातील हवानलिकांचा प्रसार अमेरिकेत मोठा आहे. तेथील सरकारी अंदाजानुसार सामान्य घरातील नलिकांतून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटी, छिद्रे व सैल सांधे यांतून गळते. यांपैकी २० टक्क्यांचाच आकडा घेतला, तरी आपल्या उदाहरणात ताशी ४०० घनमीटर हवा वाया जाते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा अकरा खोल्या भरतील इतकी ही हवा आहे.

आता एकच यंत्र आणि एकच गळती दोन गावांत आहे अशी कल्पना करू. यंत्र चालू असताना ३.५ किलोवॉट वीज घेते आणि विजेचा दर युनिटला ७ रुपये आहे असे उदाहरणापुरते धरू. येलहंका येथे ते वर्षातील ६० दिवस, रोज ५ तास, म्हणजे एकूण ३०० तास चालले, तर १,०५० युनिटे वीज लागेल. तिचा पाचवा हिस्सा म्हणजे २१० युनिटे, आणि त्यांची किंमत १,४७० रुपये. नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्याही वर जाते. तेथे तेच यंत्र १२० दिवस, रोज १० तास चालले, तर ४,२०० युनिटे लागतील. गळतीचा हिस्सा ८४० युनिटांचा आणि किंमत ५,८८० रुपये. प्रत्यक्षात गळालेली थंड हवा छताआडून काही अंशी खोलीतच उतरते, त्यामुळे खरे नुकसान याहून कमी असू शकेल; परंतु दोन गावांतील प्रमाण त्याने बदलत नाही.

समजा, सांधे बुजविण्यास १०,००० रुपये लागतात आणि नलिका संपूर्ण बदलण्यास १,००,००० रुपये. हे आकडेही केवळ उदाहरणादाखल आहेत. सांधे बुजविण्याचा खर्च नागपुरात दोन वर्षांच्या आत भरून निघेल, तर येलहंका येथे त्यास सुमारे सात वर्षे लागतील. संपूर्ण बदलाचा खर्च विजेच्या बचतीतून भरून निघण्यास नागपुरात सतरा वर्षे लागतील आणि येलहंका येथे अडुसष्ट! इतकी वर्षे बहुधा नलिकाच टिकणार नाही. म्हणून विजेची बचत हे कारण सांगून सौम्य हवामानाच्या गावी कोणी सबंध नलिका बदलावयास सुचविले, तर गृहस्थाने हा भागाकार स्वतः करून पाहावा. यंत्राचे तास आणि विजेचा दर त्याला आपल्या घरच्या अनुभवावरून व देयकावरून ठाऊक असतातच.

दुरुस्ती कशी करतात

खर्च करण्यापूर्वी गळती मोजली पाहिजे. हवा बाहेर पडण्याची सर्व तोंडे कागदाने बंद करून एका लहान पंख्याने नलिकेत २५ पास्कल, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब निर्माण करतात. तो दाब टिकविण्यासाठी जितकी हवा सतत आत सोडावी लागते, तितकी गळती. हे उपकरण हाताशी नसेल, तर यंत्र चालू ठेवून सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरावी. धुराची सरळ रेघ जेथे अचानक वाकते किंवा आत ओढली जाते, तेथे फट आहे असे समजावे. मात्र उदबत्ती उष्णतारोधक थराला लागू देऊ नये.

सांधे बुजविण्यासाठी ब्रशाने लावण्याचा, वाळल्यावरही किंचित लवचीक राहणारा लेप वापरतात. रुंद फटीवर आधी जाळीची पट्टी ठेवून वर लेप देतात. कापडी पाठीची चिकटपट्टी स्वस्त असते आणि इंग्रजीत ती 'डक्ट टेप' म्हणूनच ओळखली जाते. परंतु कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, उष्णता व दाब यांच्या आलटून-पालटून माऱ्याखाली नेमकी हीच पट्टी नलिकेच्या सांध्यावर टिकली नाही. एखादी वस्तू ज्या कामाच्या नावाने विकली जाते, त्या कामास ती योग्य असतेच असे नाही.

नलिका आतून साफ करून देतो, असेही सांगण्यात येते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एका घराच्या सफाईचा खर्च साधारणतः ४५० ते १,००० डॉलर सांगितला आहे; आणि त्याबरोबरच अशा सफाईने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही, हेही स्पष्ट केले आहे. आत बुरशी दिसत असेल, उंदीर वा कीटक यांनी घर केले असेल, किंवा धुळीने मार्ग तुंबला असेल, तरच सफाईचा विचार करावा, असा तिचा अभिप्राय आहे.

बदल केव्हा अपरिहार्य होतो

काही दोष मात्र लेपाने जात नाहीत. पत्रा गंजून जाळीदार झाला असेल, तर सांधे बुजविण्यात अर्थ नाही. दुसरे कारण ओलीचे. नलिकेतील हवा बहुधा १३ ते १५ अंश तापमानाची असते. बेंगळूरुच्या पावसाळी हवेतील बाष्प साधारणतः २० अंशांच्या आसपासच पाण्याच्या रूपाने सुटू लागते. या तापमानास दवबिंदू म्हणतात. उष्णतारोधक थर फाटलेला असेल, तर थंड पत्र्यावर पेल्याच्या बाहेर जमतात तसे थेंब जमतात. बाहेरचा थर वेळीच बदलला तर नलिका वाचते. परंतु आतील बाजूस तंतुमय अस्तर असून ते भिजून त्यावर बुरशी धरली असेल, तर ते धुऊन स्वच्छ होत नाही. ते काढूनच टाकावे लागते. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल, तर येथे विजेचा हिशेब गौण ठरतो.

तिसरे कारण चुकीच्या मापाचे. नलिका मुळातच अरुंद असेल, तर ती कितीही घट्ट बुजविली तरी शेवटच्या खोलीला हवा पुरणार नाही.

बदलाचे अंदाजपत्रक तपासताना पत्र्याचे क्षेत्रफळ स्वतः काढावे. ४० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच नलिकेचा घेर १.४ मीटर होतो; तिची लांबी २० मीटर असल्यास पत्रा २८ चौरस मीटर लागेल. ०.६३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ५ किलोग्रॅम, म्हणजे एकूण १४० किलोग्रॅम. वळणे व कातरण यांसाठी याहून काही पत्रा अधिक धरावा लागतो. त्यानंतर उष्णतारोधक थर, मजुरी आणि छताचे खोटे आवरण फोडून पुन्हा करण्याचा खर्च हे वेगळे मांडून घ्यावेत. शेवटची बाब अंदाजपत्रकातून अनेकदा निसटते आणि मागाहून तीच जड जाते.

स्वयंपाकघरातील नलिका

ज्या घरी वातानुकूलन नाही, तेथेही एक हवानलिका असू शकते. ती म्हणजे शेगडीवरील विजेच्या चिमणीची. तिच्या बाबतीत काटकसर उलटते. सहा इंची नळाऐवजी चार इंची नळ बसविला, तर तितकीच हवा नेताना घर्षणाचा विरोध सुमारे साडेसात पट होतो, कारण हा विरोध व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. नळ्यांच्या किमतीतील फरक थोडासाच असतो. परंतु अरुंद नळामुळे महागडी चिमणी नुसता आवाज करीत राहते आणि फोडणीचा धूर घरातच फिरतो. सुरकुत्यांचा लवचीक नळ पूर्ण ताणून बसवावा आणि वळणे शक्य तितकी कमी ठेवावीत. नळात साचलेले तेल पेट घेऊ शकते. म्हणून तेथे मात्र नियमित सफाई आवश्यकच आहे, आणि तेलाने माखून फाटलेला नळ बदलण्यात विलंब करू नये.

तात्पर्य, नलिकेची किंमत पत्र्याच्या भावावर जितकी अवलंबून असते, तितकीच गावाच्या हवेवर, यंत्राच्या तासांवर आणि घरातील माणसांच्या प्रकृतीवर असते. आधी गळती मोजावी. नंतर सांधे बुजवावेत. आणि गंज, बुरशी किंवा चुकीचे माप यांपैकी एखादा दोष डोळ्यांनी दिसला किंवा मापाने सिद्ध झाला, तरच नवी नलिका घालावी. या क्रमाने जाणाऱ्या गृहस्थाला अनावश्यक खर्च टाळता येतो, आणि आवश्यक खर्च वेळेवर करता येतो.