‘साबर बोंडं’ आणि आपली घरे

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात ‘साबर बोंडं’ या मराठी बोलपटाला जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. त्या महोत्सवात पोहोचलेला हा पहिलाच मराठी कथापट. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो आपल्या देशातील चित्रपटगृहांत लागला. आपल्या मायबोलीचा एवढा सन्मान झाला म्हणून पुष्कळांनी आनंद मानला. परंतु बोलपटाचा विषय कळताच अनेकांचे बोलणे तेथेच थांबले. कथा दोन पुरुषांच्या परस्परप्रेमाची आहे. अशा विषयावर आपल्या घरांत बोलण्याची वहिवाट नाही. पण वाचकहो, जे दुःख घराच्या ओसरीवर बसलेले आहे त्याच्याकडे पाठ फिरवल्याने ते नाहीसे होत नाही. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

असे चित्रपट थिएटरांत सुखासुखी आले नाहीत. दीपा मेहता यांचा ‘फायर’ १९९६ साली तयार झाला व नोव्हेंबर १९९८ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. एकाच घरात नांदणाऱ्या, पतीच्या प्रेमाला पारख्या झालेल्या दोन जावांची ती गोष्ट. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत व पाठोपाठ दिल्लीत निदर्शकांनी थिएटरांत शिरून मोडतोड केली, खेळ बंद पाडले. बोलपट पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे गेला. मंडळाने तो फेब्रुवारी १९९९ मध्ये काही न कापता परत संमत केला.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१० साली, त्याच मुंबईत श्रीधर रंगायन यांच्या पुढाकाराने ‘कशिश’ हा महोत्सव सुरू झाला. अशा व्यक्तींच्या जीवनावरील चित्रपट केंद्र सरकारच्या प्रसारण मंत्रालयाची अनुमती घेऊन, नेहमीच्या थिएटरात, उघडपणे दाखवणारा हा देशातील पहिला महोत्सव होय. पुढे मरीन लाइन्सच्या ‘लिबर्टी’ थिएटरातही तो भरू लागला. स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनच वर्षांनी, १९४९ साली उघडलेले हे एकपडदा चित्रपटगृह मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने सुरू झाले, आणि ‘हम आपके हैं कौन’ तेथे शंभराहून अधिक आठवडे चालला. जेथे कुटुंबेच्या कुटुंबे लग्नाच्या गाण्यांवर डोलली, तेथेच ज्यांच्या वाट्याला वरात येत नाही अशी माणसेही आपली गोष्ट पाहावयास बसली.

अशा खेळांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. खेड्यात वाढलेल्या अशा मुलाला वर्षानुवर्षे वाटत असते की, जगात आपल्यासारखे दुसरे कोणीच नाही. घरात सांगावे तर मार, मित्रांत सांगावे तर थट्टा. थिएटरच्या अंधारात, आपल्याच दुःखावर शेजारच्या अनोळखी माणसाच्याही डोळ्यांत पाणी आलेले दिसले म्हणजे त्याच्या मनावरचा धोंडा थोडा हलतो. जी आई लेकराबरोबर तेथे येते तिलाही दुसरी तशीच आई भेटते.

मराठी बोलपटाला हा विषय अगदीच अपरिचित नाही. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त (१९८२) स्त्रियांच्या आधारगृहातील दोघींच्या नात्याचा प्रसंग आहे. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ने (२००९) देवीला सोडून लुगडे नेसावयास लावलेल्या तरुणाची व्यथा मांडली. कानवडे यांनीही २०१९ साली ‘उ उषाचा’ या लघुपटात शेतमजुरी करणाऱ्या निरक्षर आईचे मन शाळेतल्या बाईंकडे कसे ओढ घेते हे दाखवले होते.

‘साबर बोंडं’ची कथा तर आपल्याच अंगणातली वाटावी अशी आहे. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर आईसह गावी येतो. दहा दिवसांचे सुतक, अनवाणी पाय, खाण्यापिण्याचे निर्बंध, भेटीला येणारे सोयरे. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, ‘लग्न केव्हा?’ आई-वडिलांना मुलाचे मन पूर्वीपासून ठाऊक असते. आई भाऊबंदांपुढे त्याची बाजू सावरून धरते. गावात त्याचा बालमित्र बाळ्या शेळ्या राखतो. त्याच्याही मागे लग्नाचा तगादा आहे. तो आनंदसाठी निवडुंगाची लाल बोंडे आणतो. या बोंडांवर बारीक कुसे असतात. ती नीट काढल्याखेरीज बोंड खाता येत नाही. आपल्या वडिलांच्या सुतकातील दिवसांवरून ही कथा सुचल्याचे दिग्दर्शकाने सांगितले आहे. चित्रपट प्रौढांसाठी आहे, लहान मुलांना घेऊन पाहण्याजोगा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे.

त्या ‘लग्न केव्हा?’मध्येच आपल्या घरांचा खरा प्रश्न आहे. मुलगा नकार देतो, तेव्हा कित्येक घरांत ‘एकदा बेडी पडली म्हणजे सुधारेल’ असे म्हणून सोयरीक जुळवली जाते. मुलाचे तर हाल होतातच. पण त्या परक्या घरच्या लेकीने कोणाचे काय वाईट केले? ती सुखाची आशा धरून उंबरठा ओलांडते आणि जन्मभर स्वतःलाच दोष देत बसते. ख्रिस्तसभेचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. बळजबरीने किंवा भारी भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, आणि असा विवाह मुळातच अवैध ठरतो. वडिलांचा दरारा, आईचे ‘जीव देईन’ हे शब्द, यांनाही भीती हेच नाव आहे. मुलामुलींच्या मनाविरुद्ध त्यांना वेदीपुढे उभे करण्याचा अधिकार आईबापांना कोणी दिलेला नाही.

दुसरी वाट वैदू-भगताकडे किंवा ‘उपचारा’कडे जाते. ज्याला रोग म्हणून औषध द्यावयाचे तो रोगच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून काढली. आणि २०२२ साली आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘पालटवण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टराचे गैरवर्तन ठरवले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. मात्र अशा विवाहाला मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.

ख्रिस्तसभा काय म्हणते, हे वाचक विचारतीलच. विवाह स्त्री-पुरुषांचा, ही तिची शिकवण कायम आहे व समलिंगी शरीरसंबंधास ती संमती देत नाही. परंतु १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात हेही सांगितले आहे की, अशा व्यक्तींचा आदराने, कळवळ्याने स्वीकार करावा व त्यांना अन्यायाने वेगळे वागवू नये. त्यांना गुन्हेगार ठरवणारे कायदे अन्यायाचे आहेत, असे पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. त्याही आधी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईचे तेव्हाचे महागुरू कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी ख्रिस्तसभेने अशा व्यक्तींना कधीच गुन्हेगार मानले नाही, असे जाहीर केले होते. शिकवणीचा पहिला भाग आपल्याला मुखोद्गत असतो. दुसरा मात्र आपण सोयीने विसरतो.

आपल्या या मुलखाला दगडांची ओळख निराळी करून द्यावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीवर गोटमार होते. दोन गावांच्या प्रेमिकांना नदी ओलांडताना दगडांनी अडवले, अशी त्यामागची दंतकथा सांगतात. त्या दोघांसाठी आजही आपण हळहळतो. मग आपल्या गावच्या पोराला ‘बायल्या’ म्हणून हाक मारतो, तेव्हा आपल्या हाती काय असते?

आईबापांनी करावयाचे ते फार अवघड नाही. लेकराने काही सांगितले तर प्रथम पुरते ऐकून घ्यावे. त्या रात्री हात उगारू नये, घराबाहेर काढू नये, गावभर बोलू नये. लग्नाची घाई करू नये. मूल गप्प गप्प राहू लागले, जेवेनासे झाले, तर जीवाचा धोका ओळखून जाणत्या डॉक्टराकडे न्यावे. तेही त्याला बदलण्यासाठी नव्हे, जगवण्यासाठी. मुंबई-पुण्याला नोकरीस गेलेला मुलगा सणाला येण्याचे टाळत असेल, तर सगळा दोष शहराला देण्यापूर्वी त्याला एवढेच कळवावे की, ‘बाबा, घरी ये, लग्नाचे कोणी विचारणार नाही.’ आणि तो आला म्हणजे तो शब्द पाळावा.