कामाचा माणूस आणि त्याची आई

भारतात ज्यूंचा कधीही छळ झाला नाही, हे वाक्य आपल्याकडे अभिमानानं बोललं जातं, आणि ते बव्हंशी खरंही आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्राएल ज्यू गावावरून पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं लावून शतकानुशतकं मराठीत संसार करत राहिले. माझ्यासारख्या वटारच्या माणसानं मात्र या वाक्यात एक दुरुस्ती सुचवायला हवी. वटार ज्या वसई प्रांतात येतं, तिथं चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेईपर्यंत दोनशे वर्षं पोर्तुगीजांचा अंमल होता आणि त्या अमलासोबत युरोपातला ज्यूद्वेषही बोटीतून उतरला होता. गार्सिया द ऑर्टा हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचे आईवडील सक्तीनं ख्रिस्ती केलेले ज्यू. १५३४ च्या वसईच्या तहानं मुंबई बेट पोर्तुगीजांकडे आलं आणि पुढं काही काळ ते ऑर्टाकडे खंडानं होतं. तो गव्हर्नरांचा वैद्य होता, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यानं उपचार केले. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्या आधीच, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं, पण ऑर्टाला कुणी हात लावला नाही. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आलं, आणि १५८० मध्ये ऑर्टाची हाडं उकरून तीही जाळली.

वैद्याचा हात चालत होता तोवर घर वाचलं. ही जुनी गोष्ट इथं काढायचं कारण असं, की चारशे वर्षांनी हिटलरच्या युरोपातून पळालेली माणसं मुंबईत आली तेव्हा त्यांचा निवाडाही याच न्यायानं झाला. कामाचा माणूस आत आला. त्याच्या घरातली बिनकामाची माणसं, म्हणजे म्हातारी आई, विधवा मावशी, पेन्शनीतले वडील, बहुधा मागं राहिली. त्या आलेल्या माणसांचं कौतुक आपल्याकडे बरंच झालं आहे आणि ते रास्त आहे. पण कौतुकाच्या भरात दाराला कोणतं माप लावलं होतं, हे पाहायचं राहून जातं.

१९३३ मध्ये जर्मनीत सुमारे सव्वापाच लाख ज्यू होते. सरकारी नोकऱ्या त्याच वर्षी गेल्या, १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्व गेलं, १९३८ च्या सप्टेंबरअखेर ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले, ऑक्टोबरात पासपोर्टवर लाल ‘जे’ उमटलं. ९ नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनास्थळं जळाली, दुकानं फुटली आणि सुमारे तीस हजार पुरुषांना छळछावण्यांत नेलं. त्यांच्यापैकी बरेच जण पुढच्या काही महिन्यांत सुटले, आणि सुटण्याची मुख्य वाट होती: देश सोडून जात असल्याचे कागद दाखवणं. घरातला पुरुष आत, त्यामुळे वकिलातींसमोर रांगा लावल्या त्या बायकांनी. देश सोडताना संपत्तीचा मोठा हिस्सा ‘पलायन कर’ म्हणून सरकारजमा व्हायचा आणि माणशी दहा मार्क घेऊन निघता यायचं. म्हणजे ज्या देशात जायचं त्या देशाला हे कुटुंब कंगालच दिसणार, आणि कंगालाला व्हिसा कोण देतो?

ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची अट तीच होती. येणारा माणूस सरकारी तिजोरीवर भार होणार नाही याची हमी हवी. त्याच्यासाठी नोकरी तयार असावी, नाहीतर त्याचा जामीन राहणारं कुणीतरी असावं. मुंबईत १९३४ मध्ये ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ उभी राहिली ती या अटीशी झुंजत. इथल्या ज्यूंनी पैसे गोळा केले, नोकऱ्या शोधल्या आणि परक्या माणसांच्या पोटापाण्याची हमी सरकारला लिहून दिली. या हमीपत्रांमुळे किती जीव वाचले याचा विचार केला की त्या संस्थेविषयी आपल्याला इतकी कमी माहिती असावी याचं नवल वाटतं. तरी एवढं सगळं करून युद्धाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानात पोचलेले ज्यू निर्वासित जेमतेम हजार-दोन हजार. देशाची लोकसंख्या तेव्हा एकोणचाळीस कोटींच्या आसपास होती.

आले ते कोण, हे पाहिलं की दाराचं माप दिसतं. भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट केलेला रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये मुंबईत आला, कारण भाऊ आल्ब्रेख्ट आधीच इथं नोकरीत होता. पुढं तो ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासमीक्षक झाला. त्याच दैनिकात व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर कलासंचालक होता; तो स्वतः ज्यू नव्हता, बायको केटे ज्यू होती. व्हिएन्नाहूनच आलेला एमान्युएल श्लेसिंगर औषधांच्या धंद्यात होता आणि तरुणांची चित्रं विकत घेत होता. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्या १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमागं या तिघांचा आधार होता, हे आता कलेच्या इतिहासात रुळलं आहे. कार्ल्सबाडचा वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये आला, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. पहाटे रेडिओ लावला की कार्यक्रमांआधी ऐकू येणारी ती तंबोऱ्यावरची व्हायोलिनची धून त्याचीच. प्रागचा समीक्षक विली हास १९३९ मध्ये येऊन मोहन भवनानींच्या चित्रपटांच्या कथा लिहू लागला. फ्रँकफर्टचे त्वचारोगतज्ज्ञ ऑस्कर गान्स १९३४ पासून मुंबईत होते, युद्धानंतर मायदेशी परतून पुन्हा प्राध्यापक झाले. यादी दिमाखदार आहे. पण पाहा: चित्रकार, संगीतकार, लेखक, डॉक्टर, उद्योजक. हातात कसब, आणि अंगात परक्या मुलखात नव्यानं सुरुवात करण्याची धमक. सत्तरीतली एखादी शिवणकाम करणारी बाई या यादीत नाही, कारण तिला कुणी नोकरीचं पत्र पाठवलं नव्हतं.

हे माप फक्त साहेबाचं होतं असं म्हणून सुटता येत नाही. १९३८ च्या अखेरीस जवाहरलाल नेहरूंनी काँग्रेस कार्यकारिणीपुढं ज्यू निर्वासितांविषयी ठराव ठेवला. त्यातही आसरा मागितला होता तो तज्ज्ञांसाठी, खास विद्या असलेल्यांसाठी. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी विरोध केला आणि ठराव बारगळला. पुढं एप्रिल १९३९ मध्ये बोस यांना लिहिलेल्या पत्रात नेहरूंनी आपली भूमिका उलगडली: ज्यूंना मदत होणं चांगलंच, पण आपण या प्रश्नाकडे पाहिलं ते देशाच्या विज्ञानाला आणि उद्योगाला उत्तम माणसं कमी पगारात मिळतील या दृष्टीनं. ज्यूंच्या बाजूनं इतक्या ठामपणे बोलणारा दुसरा बडा पुढारी काँग्रेसमध्ये क्वचितच होता, आणि त्यालाही आपल्या लोकांशी फायद्याच्या भाषेत बोलावं लागलं. डॉक्टरांच्या बाबतीत तर हा तिढा अधिकच घट्ट झाला. जर्मन पदव्यांना मान्यता मिळावी यासाठी मेडिकल कौन्सिलचे अध्यक्ष डॉ. अब्राहम एरुळकर, स्वतः बेने इस्राएल, झटले. मुंबईतल्या व्यावसायिकांना मात्र ही परकी स्पर्धा नको होती. म्हणजे बिनकामाचा नको म्हणून आणि फारच कामाचा आपल्या पोटावर येतो म्हणून नको. या दोन नकारांच्या फटीतून जो निसटला तो आत आला.

यावर पहिला आक्षेप येतो तो गरिबीचा आणि गुलामीचा. ज्या देशाला स्वतःचा व्हिसा देण्याचाही अधिकार नव्हता, जिथं पदवीधर बेकार फिरत होते, त्याला हा हिशेब का विचारायचा? आक्षेप वजनदार आहे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी निर्वासितांच्या प्रश्नावर ३२ देशांचे प्रतिनिधी जमले आणि बहुतेक सगळे, श्रीमंत देशही, सहानुभूती दाखवून मोकळे झाले; त्या मानानं मुंबईनं काही कमी केलं नाही. पण माझा मुद्दा कुणी किती उदार होतं हा नाही. नोकरीला बांधलेल्या आसऱ्याचा परिणाम काय होतो, हा आहे. तो तपासायला एक उघडं उदाहरण समोरूनच जात होतं. इटलीहून शांघायला जाणाऱ्या लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीच्या बोटी वाटेत मुंबई बंदरात थांबत. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत उतरायला तेव्हा व्हिसा लागत नसे, हमी लागत नसे, म्हणून तिथं सतरा-अठरा हजार ज्यू पोचले. त्यात नातवंडं होती, आजीआजोबाही होते. १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना हाँगक्यूच्या दाटीवाटीच्या वस्तीत कोंबलं, उपासमार आणि रोगराई झाली, माणसं मेली. तरीही बहुतेक सगळे युद्धाच्या अखेरीस जिवंत होते. त्याच बोटी, त्याच मार्गावरची दोन बंदरं: एकात निवडक माणसं उतरली, दुसऱ्यात कुटुंबं उतरली.

आणि आत आल्यावर तरी कामाचा माणूस सुरक्षित होता का? ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि जर्मन पासपोर्ट असलेला प्रत्येक जण एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. हिटलरनं हाकललेले ज्यू आणि हिटलरला मानणारे जर्मन व्यापारी एकाच छावणीत डांबले गेले. ती छावणी अहमदनगरात होती, म्हणजे ज्या शहरात ऑर्टाची वैद्यकी नावाजली गेली त्याच शहरात. चौकशी समितीनं पुष्कळ ज्यूंना काही महिन्यांत सोडलं, पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर भीतीची लाट आली आणि काहींना पुन्हा आत जावं लागलं. पुरुषांना पुढं देवळाली आणि डेहराडूनला हलवलं. कुटुंबांसाठी साताऱ्यात आणि पुरंदरावर नजरकैदेच्या वसाहती होत्या. संभाजीराजांचा जन्म आणि मिर्झाराजांचा तह यांसाठी आपण ज्या गडावर जातो, तिथं बर्लिन-व्हिएन्नाच्या बायका हजेरी देत होत्या, हे गडावर फिरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. हिंदुस्थानातल्या कैदेत कुणाला वायूच्या कोठडीत घातलं नाही, हे निर्विवाद. तिची तुलना युरोपातल्या छावण्यांशी करणं मूर्खपणाचं ठरेल. पण उपयोगाच्या बळावर मिळालेली जागा उपयोगाचा हिशेब बदलला की किती पटकन डळमळते, ते इथं दिसतं.

दुसरा आक्षेप असा, की १९३८-३९ मध्ये पुढं काय होणार हे कुणाला ठाऊक होतं? मृत्युछावण्या १९४१ च्या अखेरीपासूनच्या. खरं आहे. कत्तलीचा अंदाज कुणाला नव्हता. छळाची बातमी मात्र सगळ्यांना होती: गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ज्यूंना जर्मनीतच सत्याग्रह करण्याचा सल्ला देणारा लेख लिहिला तो २६ नोव्हेंबर १९३८ चा, म्हणजे त्या जाळपोळीनंतर अवघ्या अडीच आठवड्यांचा. शेजारचं घर जळतंय हे दिसत असताना आत कोण कोण भाजेल हे माहीत नव्हतं, ही सबब काही अंशीच चालते.

तिसरा आक्षेप कोल्हापूरकडून येतो, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. तिथल्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुसंख्य बायका आणि मुलं, सैबेरियातून जगून आलेली, कुणाच्या कामाची नसलेली. मग इथं माप वेगळं कसं लागलं? एक तर, आपल्याकडे अनेकदा समजलं जातं तसे हे लोक ज्यू नव्हते. जवळजवळ सगळे कॅथलिक होते. पोलंड दोस्तराष्ट्र होतं आणि छावणीचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार उचलत होतं. तरीही वळिवड्यानं एक गोष्ट दाखवून दिली: शाळा, चर्च, दवाखाना असलेलं पाच हजारांचं परकं गाव पंचगंगेकाठी ऐन युद्धाच्या टंचाईत वसू शकतं आणि त्यानं कोल्हापूर बुडत नाही. जागा नव्हती, हे कारण त्यामुळे निकालात निघतं. म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी कुणी बोलणारं सरकार असतं, तर जागा निघाली असती.

ज्यूंसाठी असं सरकार नव्हतं, म्हणून ज्यानं त्यानं आपली सुटका पाहिली. १९३९ च्या जर्मन जनगणनेत उरलेल्या ज्यूंमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त होती आणि म्हाताऱ्यांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं वाढलं होतं. तरुण मुलगा आधी जाईल, बस्तान बसलं की आईवडिलांना बोलावील, असा घरोघरचा बेत होता. कोकणातून मुंबईला चाकरीला आलेल्या माणसाचा बेत याहून निराळा नसे. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि मुंबईच्या त्या बोटी थांबल्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनीनं ज्यूंचं देशांतरच बंद केलं. मागं राहिलेल्या वृद्धांपैकी अनेकांना प्रागजवळच्या टेरेझिनला पाठवलं गेलं. तिथं एकूण सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यू नेले गेले. तेहतीस हजारांच्या आसपास तिथंच मेले, अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास पुढं पूर्वेकडच्या छावण्यांकडे रवाना झाले. जर्मनीतून निघण्यापूर्वी त्या म्हाताऱ्यांकडून उरलीसुरली पुंजी घेऊन एका करारावर सह्या घेतल्या जात. आयुष्यभर कागदासाठी खेटे घातलेल्यांच्या हाती शेवटी एक नीट टंकलिखित, शिक्क्याचा कागद पडला होता, आणि त्यात मरेपर्यंत राहायला जागा, जेवण आणि औषधपाणी मिळेल अशी हमी होती.