हात हलण्याआधी

टेबलावरचा पेला घ्यायला आपण हात पुढे करतो, तेव्हा सर्वांत आधी काय हलतं? हात, असंच कुणीही म्हणेल. १९६७ साली बेलेंकी, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव या सोव्हिएत संशोधकांनी उभ्या माणसांना हात वर करायला सांगून त्यांच्या स्नायूंमधल्या विद्युत हालचाली नोंदवल्या. खांद्याचा स्नायू जागा होण्याआधीच पायांचे आणि धडाचे स्नायू कामाला लागले होते! पुढे ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांना पोटाच्या सर्वांत आतल्या थरातला आडवा स्नायूही हाताच्या आधी आवळताना दिसला. हात पुढे गेला की तोल जाणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. तोल जायच्या आत तो धड सावरून घेतो. हे सगळं सेकंदाच्या काही शतांशांत घडतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलात नेमकी ही पूर्वतयारी विस्कटते. वाढत्या मेंदूला इजा झालेली असते, त्यामुळे धडाचे स्नायू उशिरा आवळतात किंवा पोटाचे आणि पाठीचे एकदमच आवळतात. मणक्यांची उतरंड तोलून धरायला मग हातच अडकून पडतात. मूल तळवे जमिनीवर रोवून बसतं आणि खेळण्याकडे हात नेला की कोलमडतं. घरच्यांना दिसतो तो न चालणारा हात. अडचण पुष्कळदा बरगड्यांपाशी असते.

धड हा एक अखंड खांब नाही. बाळ आधी मान धरतं, मग पाठ, मग कंबर. ताबा वरून खाली उतरत जातो. पेनेलोपी बटलर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलेली तपासणी याच क्रमावर उभी आहे. फिजिओथेरपिस्ट मुलाला बाकावर बसवून आधी खांद्यांशी घट्ट धरतात, मग काखेखाली, मग बरगड्यांशी, मग कमरेशी. आधार जिथवर उतरल्यावर मूल डुलू लागतं, तिथवरच त्याचा ताबा पोहोचलेला असतो आणि उपचार तिथून सुरू होतात. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट इथेच आहे: योग्य उंचीवर आधार मिळाला, की ज्यांना बसणं फार जड जातं अशा काही मुलांचा हात तिथल्या तिथे अधिक नेमका जातो. हाताला तर कुणी काही शिकवलेलंच नसतं!

म्हणून व्यायामात खेळणं मुद्दाम जेमतेम पोहोचेल अशा अंतरावर धरतात, कधी समोर, कधी बाजूला. आधार फार झाला तर मूल त्यावर रेलून बसतं. फार कमी पडला तर घाबरून ताठरतं. पालकांना माझं आग्रहाचं सांगणं हेच, की दुसऱ्याने हातपाय हलवून देण्यापेक्षा मुलाने स्वतः केलेली धडपड मोलाची. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढत असतं. त्यामुळे व्यायाम चालू असले तरी पाठीचा कणा आणि खुबे वरचेवर तपासून घ्यावे लागतात.

बाळ नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, तर ‘बसेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अनेक जिल्हा रुग्णालयांत यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (डीईआयसी) आहेत. तिथे चौकशी करा.